मॅग व्हील घासलं, वाकलं, चिरलं: खान्देशातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मॅग व्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या अलॉय चाकांबद्दल येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. पावसाळ्यात खड्ड्यांचे, उन्हाळ्यात रंगाचे आणि लग्नसराईच्या आधी चमकीचे. म्हणून ते एका जागी लिहून ठेवले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, फक्त गाडीचे नंबर आणि शिव्या काढल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. चाकाचं दिसणं बिघडलंय की चाकच बिघडलंय, हे प्रत्येक वेळी आधी ठरवायचं. दिसण्याचं काम घरी, गल्लीत, कुठेही करून घ्या. चाक बिघडलं असेल तर रंगाच्या डब्याला हातही लावू नका.

१. माझ्या चाकाला पॉलिश आहे, रंग आहे की डायमंड कट, ते कसं ओळखायचं?

मऊ पांढऱ्या कापडावर थोडी मेटल पॉलिश घ्या आणि चाकाच्या चकाकत्या भागावर, दिसणार नाही अशा कोपऱ्यात घासा. कापड काळं झालं तर ॲल्युमिनियम उघडं आहे, म्हणजे ते खरं पॉलिश केलेलं चाक. काळं झालं नाही तर वर पारदर्शक लॅकर आहे किंवा क्रोमचा मुलामा.

डायमंड कट चाक तिरप्या उजेडात धरलं की पृष्ठभागावर केसासारख्या बारीक गोल रेषा दिसतात, कारण तो भाग लेथवर कापलेला असतो. स्पोकमधल्या खोलगट जागा बहुधा काळ्या किंवा करड्या रंगवलेल्या असतात. हल्लीच्या वरच्या मॉडेलच्या गाड्यांवर हाच प्रकार जास्त दिसतो. क्रोमची झाक निळसर असते आणि खराब झालं की त्याचे पापुद्रे सुटतात. बाकी सगळं, म्हणजे सिल्व्हर, गनमेटल किंवा काळं, हे रंगवलेलं चाक समजा.

ही ओळख पटल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. लॅकरवाल्या चाकाला मेटल पॉलिश घासून लॅकर धुरकट करून बसलेले लोक आम्हाला दर महिन्याला लिहितात.

२. पार्किंग करताना फुटपाथला घासलं. कडेला ओरखडे आहेत. घरी होईल का?

रंगवलेलं चाक असेल आणि ओरखडा कडेपुरताच असेल, तर होईल. टायर काढायची गरज नाही, पण चाक गाडीवरून काढलंत तर काम निम्मं सोपं होतं. टायर आणि रिम यांच्या फटीत जुनी व्हिजिटिंग कार्डं गोलाकार खोवून ठेवा, रंग टायरवर जात नाही.

आधी शाम्पूने धुवा, मग थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस काढा. धातूचे वर आलेले काटे बारीक कानशीने बसवा. मग २४० किंवा ३२० नंबरच्या सँडपेपरने सुरू करून ६०० पर्यंत या, आणि आजूबाजूच्या चांगल्या रंगावरही थोडं पसरत घासा, नाहीतर जोड दिसतो. खोल ओरखडा भरायचा तर मेटल भरलेला इपॉक्सी वापरा. बॉडीला लावतात ती साधी लांबी (पुट्टी) चाकावर फार टिकत नाही, कारण ब्रेकची उष्णता आणि रस्त्याचे हादरे दोन्ही तिथे पोचतात.

घासून झालं की उशीर करू नका. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरायला लागतो, आणि घासणं आज, प्रायमर उद्या असं केलं की रंगाची पकड कमी होते. एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी मारा. साधा लाल रेड ऑक्साइड लोखंडासाठी असतो, तो इथे नको. मग रंगाचे पातळ हात, मग क्लिअर, म्हणजे वरचं पारदर्शक लॅकर. रंग कधी मारायचा यासाठी प्रश्न १३ पाहा.

डायमंड कट चाकाचा ओरखडा असा दुरुस्त करता येत नाही. तिथे प्रश्न ६.

३. माझ्याकडे जुन्या गाडीचं खरं पॉलिशवालं चाक आहे, पार मंद पडलंय. परत आरसा कसा करायचा?

या कामाला पैसा कमी आणि खांदा जास्त लागतो. टायर काढूनच करा. जुनं लॅकर कुठे शिल्लक असेल तर पेंट रिमूव्हरने काढा. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच, ते रसायन कातडीवर पडलं तर भाजतं. लॅकरवरूनच घासत सुटलात तर कागद भरतो आणि काम दुप्पट होतं.

मग वॉटर पेपर. चाक किती खराब आहे त्यावर सुरुवात ठरते. नुसतं मंद असेल तर ६०० पासून, खाचा आणि पांढरे डाग असतील तर ३२० पासून. पुढे ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला. आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद उचलू नका. ३२० चा चरा २००० च्या कागदाने कधीच निघत नाही. तो पॉलिश झाल्यावर उन्हात चमकतो आणि तुम्हाला पहिल्यापासून सुरू करायला लावतो. पाणी भरपूर, त्यात शाम्पूचे दोन थेंब, आणि कागद बदलताना चाक आणि हात दोन्ही धुवून घ्या. मागच्या कागदाचा एक खडा राहिला तरी नवा चरा पडतो.

शेवटी बफ, म्हणजे मशीनवर फिरणारं पॉलिशचं चक्र. आधी कडक सिसल बफ आणि तपकिरी साबण (बफला लावायची पॉलिशची वडी), मग मऊ सुती बफ आणि पांढरा साबण. भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे चाक नेणारे बरेच आहेत आणि ती माणसं हाताची पक्की असतात. पण त्यांना एवढं सांगा की स्टीलवर वापरलेला बफ ॲल्युमिनियमला लावू नका. बफात अडकलेले लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पावसाळ्यात तिथे गंजाचे ठिपके उगवतात. या कामाला बफ नवा आणि वेगळा घ्या.

बफ एका जागी दाबून धरायचा नाही. चाक हाताला सोसवेना इतकं तापलं तर थांबा. नंतर साबणाच्या पाण्याने चिकट काळपट थर धुवा, लगेच कोरडं करा, आणि वॅक्स किंवा सीलंट लावा.

उघडं पॉलिश दर काही आठवड्यांनी हात मागतं, पावसाळ्यात अजून लवकर. ज्याला दर महिन्याला रविवारची सकाळ घालवायची नाही त्याने चाक रंगवून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

४. पितांबरी, लिंबू, टूथपेस्ट, ब्रासो यांपैकी काय चालेल?

लॅकर किंवा रंग असलेल्या चाकावर यातलं काहीच नाही. उघड्या ॲल्युमिनियमवर टूथपेस्ट थोडीफार काम करते, पण ते काम ॲल्युमिनियमसाठी बनलेली पॉलिश चांगलं करते. पितांबरी तांब्या-पितळेसाठी आहे, तिथेच ठेवा. लिंबू चोळून तसंच वाळू दिलं तर डाग पडतो.

सगळ्यात वाईट म्हणजे धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक. सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं, तेच चाकाचं होतं. कॉस्टिक तर ॲल्युमिनियम सरळ खातो. काही वॉशिंग सेंटरवर इंजिन धुवायचं कडक केमिकल चाकावरही मारतात, तिथे आधी विचारा. ॲसिडवाले व्हील क्लीनरही उघड्या पॉलिशवर नकोत. ते मारले की पाच मिनिटांत दुधाळ चट्टा, आणि मग प्रश्न ३ पासून सुरुवात.

५. लॅकरच्या खाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेषा दिसतात. पॉलिशने जात नाहीत.

जाणारही नाहीत, कारण त्या लॅकरच्या खाली आहेत. कुठेतरी खडी लागून लॅकरचा टवका उडतो, तिथून ओलावा आत शिरतो आणि ॲल्युमिनियमला लागलेली खर (पांढरा गंज) लॅकरखालून दोऱ्यासारखी पुढे सरकत जाते. डायमंड कट चाकांचा हा नेहमीचा आजार आहे, कारण लेथवर कापलेल्या कडांवर लॅकर पातळ बसतं.

वरून टचअप केल्याने ती थांबत नाही, आतली खर तशीच राहते. इलाज एकच, त्या भागाचं लॅकर पूर्ण काढणं, खर मुळापासून घासणं आणि परत फिनिश करणं. डायमंड कट असेल तर पूर्ण फेस परत कापावा लागतो. टवका नवा असतानाच स्वच्छ करून त्यावर क्लिअरचा एक थेंब दिला तर हे दुखणं बरंच लांबतं. पावसाळ्याआधी एक संध्याकाळ त्यासाठी काढा.

६. डायमंड कट चाक आमच्या एमआयडीसीतल्या लेथवर कापून मिळेल का?

लेथ मोठा असेल तर चाक बसेल. १६ इंची रिमचा बाहेरचा व्यास कडेसकट साधारण ४४० मिलिमीटर भरतो, तेवढा लेथ बऱ्याच ठिकाणी आहे. अडचण वेगळी आहे. चाकाचा चेहरा सपाट नसतो, तो बाहेरून आत वळत जातो. डायमंड कटच्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर आधी प्रोब फिरवून तो आकार मोजतात आणि मग टूल त्या वळणावरून जेमतेम दोन-तीन दशांश मिलिमीटर धातू काढत जातं. हाताने चालवायच्या लेथवर कितीही चांगला टर्नर असला तरी वळणावर पायऱ्या पडतात किंवा एका बाजूला जास्त धातू जातो.

तेव्हा सीएनसी असेल तिथेच करा, आणि कापल्यावर क्लिअर कोण मारणार, किती वेळाने मारणार, हेही आधी ठरवून घ्या. कापलेलं चाक रात्रभर उघडं ठेवून दुसऱ्या गावी रंगायला पाठवणं म्हणजे प्रश्न ५ ला आमंत्रण.

प्रत्येक कापणीत धातू जातो. दोन, फार तर तीन वेळा कापलं की थांबायचं. मग ते चाक रंगवा. माझं मत विचाराल तर आपल्या रस्त्यांवर डायमंड कट दुसऱ्यांदा खराब झालं तेव्हाच रंगवून टाकावं.

७. मनी गाडीनं मॅगव्हील वाकी गयं भो, आते काय करू?

आधी स्पीड कमी करा. ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनही थरथर जात नाही, एकाच चाकाची हवा कमी होते, ही वाकल्याची लक्षणं. बाहेरून चाक ठणठणीत दिसतं आणि आतली कड वाकलेली असते, हे फार वेळा होतं. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवून आतली कड बघायला सांगा. डायल गेज लावून मोजलं तर अजून चांगलं. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये अलॉय चाकाच्या आतबाहेर हलण्याची मर्यादा साधारण पाऊण मिलिमीटरच्या आत दिलेली असते, तुमच्या गाडीचा आकडा बघून घ्या.

फक्त कड थोडी वाकली असेल, चीर नसेल, तर हायड्रॉलिक प्रेसवर सरळ होते. स्पोक वाकला असेल, किंवा जिथे नट बसतात तो मधला भाग हलला असेल, तर चाक भंगारात. याच्यात घासाघीस नको.

वाकण्याचं कारण नुसता खड्डा नसतो. हवा कमी असलेल्या टायरने तोच खड्डा घेतला की रिमला थेट मार बसतो. कोंडाईबारी किंवा कन्नडचा घाट उतरताना भरलेली गाडी आणि कमी हवा एकत्र आली की काय होतं ते टायरवाले रोज पाहतात. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दुपारी ४४ अंशांत तापलेल्या टायरचा आकडा फसवतो, आणि तो बघून हवा सोडणारे तर स्वतःच चाक वाकवायची तयारी करतात.

८. गॅसच्या टॉर्चने तापवून हातोड्याने सरळ करून देतो म्हणतात. स्वस्त आहे. चालेल का?

नाही. लोखंडी डिस्कला जे चालतं ते इथे चालत नाही. कारखान्यात ओतलेलं चाक साधारण ५३० ते ५४० अंशांवर तापवतात, पाण्यात थंड करतात आणि मग १५० ते १७० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. चाकाची ताकद या प्रक्रियेतून येते. टॉर्चने एखादी जागा ३०० अंशांवर गेली की तिथली ताकद उतरते, आणि ती परत येत नाही. चाक सरळ दिसतं, पण पुढच्या खड्ड्यात तिथेच बसतं.

शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडासारखं लाल होत नाही. शुद्ध धातू ६६० अंशांना वितळतो, चाकाचा मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि तोवर रंगात काही फरक दिसत नाही. कारागिराला अंदाज येणारच कसा? चमकत्या ॲल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटरही खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. जाणकार माणूस ठरावीक तापमानाला वितळणारा खडू वापरतो, हलकी ऊब देतो आणि प्रेसने हळूहळू दाबतो. सरळ करणाऱ्याकडे गेलात तर तापमान कसं मोजतो ते विचारा. "अंदाजाने" म्हणाला तर चाक उचलून परत या.

९. चीर आहे की नुसता ओरखडा, कसं कळणार?

नखाने कळत नाही, भिंगाने कधी कधी कळतं. फॅब्रिकेशनवाले वेल्डिंग तपासायला लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर वापरतात, डीपी टेस्ट म्हणतात त्याला. दोन्ही स्प्रे मिळतात. जागा स्वच्छ करून डाय मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा, मग डेव्हलपर. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेष उमटते.

घरगुती उपाय रॉकेल आणि खडू. आतल्या बाजूने रॉकेल लावा, बाहेरून खडूची पूड लावून ठेवा. आरपार चीर असेल तर खडूवर ओली रेघ येते. पण आरपार न गेलेली चीर यात सापडत नाही, म्हणून कोरडा खडू पाहून निर्धास्त होऊ नका.

रंग असलेल्या चाकावर ही तपासणी खोटं बोलते. आधी त्या जागेचा रंग काढा. स्पोक जिथे कडेला मिळतो ती जागा, नटाच्या भोकांच्या भोवती आणि आतली कड, या तीन जागा सोडू नका.

१०. चिरलेलं चाक आर्गन वेल्डिंगने जोडून मिळतं. जोडू का?

बाहेरच्या कडेचा छोटा तुकडा उडालाय, चीर पुढे गेलेली नाही, तर आर्गनवर ॲल्युमिनियम-सिलिकॉनची रॉड वापरून भर घालता येते. तेही काम दिसण्यापुरतंच समजा. वेल्डच्या दोन्ही बाजूंचा धातू मऊ पडतो, कारण प्रश्न ८ मध्येच आहे.

स्पोकला, मधल्या भागाला, नटाच्या भोकाजवळ किंवा टायरची मान (बीड, म्हणजे रिमवर बसणारी कड) जिथे बसते तिथे चीर असेल तर वेल्डिंग करू नका, करून देणारा कितीही नावाजलेला असो. "आमच्या मामांच्या गाडीला तीन वर्षं झाली, काही नाही झालं" असं बरेच जण लिहितात. मामांच्या नशिबाबद्दल आनंद आहे, पण धुळ्याहून शिरपूरकडे १०० च्या स्पीडने जाताना नशिबावर चाक लावू नये.

११. पंक्चर नाही, तरी एका चाकाची हवा आठवड्यात उतरते.

टायरची मान बसते त्या जागी रिमला पांढरी खर धरली असेल. जुन्या अलॉयचा हा दोष आहेच. पाण्याच्या टाकीत चाक बुडवा, कडेने बारीक बुडबुडे येतील. टायर काढून ती जागा स्कॉचब्राइटने साफ करा, खोल घासू नका, आणि बीड सीलर लावून टायर चढवा. व्हॉल्व्हच्या बुडातून बुडबुडे आले तर व्हॉल्व्ह बदला, तो स्वस्त असतो.

बुडबुडे कडेला नाहीत, व्हॉल्व्हलाही नाहीत, मधूनच येतात, तर ती चीर किंवा ओतकामातली सच्छिद्र जागा. मग प्रश्न ९.

१२. ग्रिल-फर्निचरला पावडर कोटिंग करणारे आमच्या एमआयडीसीत आहेत. त्यांच्याकडे चाकं दिली तर?

कोटिंग टणक होतं, खडीला रंगापेक्षा चांगलं टिकतं. पण चार गोष्टी त्यांना सांगाव्या लागतात, कारण त्यांचं रोजचं काम लोखंडाचं असतं.

भट्टी १८० ते २०० अंशांची आणि वेळ मोजका ठेवायचा. लोखंडी गेटबरोबर तासभर आत विसरून चालणार नाही, आणि तेच चाक दरवर्षी भट्टीत घालणंही बरं नाही. साधी लांबी भरलेली असेल तर ती भट्टीत टिकत नाही. व्हॉल्व्ह आणि प्रेशर सेन्सर आधी काढा. आणि हब ज्यावर टेकतो तो भाग, नटाच्या बैठका आणि मधलं भोक, यांवर पावडर बसू देऊ नका. तिथे जाड थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले होतात. झाकायला उष्णता सोसणारी टेप लागते, वर्तमानपत्र नाही.

ॲसिडच्या टाकीत बुडवून जुना रंग काढतात तिथेही जपा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या वेळेइतकं त्यात ठेवलं तर खड्डे पडतात.

१३. मे महिन्यात रंग मारला, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत आला. का?

जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या घरात असतो आणि उन्हातलं चाक हाताला चटका देतं. रंगाचा थेंब चाकावर पसरण्याआधीच थिनर उडून जातो. सावलीत, पहाटे सहा-सातला मारा, चाक गार असताना, आणि हळू सुकणारा थिनर मागा. वारा सुटायच्या आत संपवा, नाहीतर क्लिअरवर धूळ बसते.

जुलै-ऑगस्टमध्ये उलट होतं. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. घाई नसेल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने या कामाला उत्तम.

हार्डनर घालून मारायचं टू-के क्लिअर फवारताना साधा रुमाल पुरत नाही. त्याचा धूर फुप्फुसाला घातक असतो, कार्ट्रिजवाला मास्क लावा. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे काम दुसऱ्याला द्यावं.

१४. आरशासारखं पॉलिश झाल्यावर वर लॅकर मारलं तर परत परत घासायला नको ना?

सगळ्यांना हेच हवं असतं आणि इथेच सगळे फसतात. आरशासारख्या गुळगुळीत धातूवर लॅकरला धरायला काही नसतं. काही महिन्यांत कडेने सुटतं, आत ओल जाते. डायमंड कटवर ते टिकतं कारण लेथच्या बारीक रेषा असतात आणि आधी रासायनिक प्रक्रिया केलेली असते. पॉलिशवर मारायचंच तर चमक थोडी कमी करून, पकड देऊनच मारावं लागतं, म्हणजे आरसा राहत नाही. आरसा हवा असेल तर वॅक्स आणि मेहनत, मेहनत नको असेल तर रंग.

१५. बोअरच्या पाण्याने धुतलं की पांढरे ठिपके राहतात.

बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत ते. उन्हात गाडी धुऊन तशीच सोडली की पक्के बसतात. सावलीत धुवा आणि लगेच मायक्रोफायबरने पुसा. बसलेले ठिपके पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून, लॅकर शाबूत असलेल्या चाकावरच, पुसून लगेच साध्या पाण्याने धुवा. गरम चाकावर कधीही पाणी मारू नका.

१६. बोलेरो शेतात जाते, खताच्या गोण्या असतात. चाकांना बारीक खड्डे पडलेत.

रावेर-यावलकडून हे जास्त येतं. केळीला पालाश भरपूर लागतं आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड. ओल्या क्लोराइडने ॲल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात. मोरचूद तर त्याहून वाईट. त्यातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि त्या ठिपक्याभोवतीचा धातू खात जातं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करून हात-पाय धुता तसं चाकंही धुवा, त्याच दिवशी, आतल्या बाजूनेसुद्धा.

काळ्या मातीचा चिखल आतल्या कडेत वाळून बसला की बॅलन्सही जातो. बॅलन्सिंगला पळण्याआधी पाण्याचा पाइप मारून बघा. पडलेले खड्डे उथळ असतील तर प्रश्न २ प्रमाणे, पण शेतात रोज जाणाऱ्या गाडीला पॉलिशचं चाक ठेवूच नये. लोखंडी डिस्क बरी.

१७. टायरवाल्याने टायर काढताना टॉमीने कड खरवडली. आता?

पुढच्या वेळी आधीच सांगा, प्लास्टिकचं संरक्षण लावून काढ म्हणून. रिमच्या कडेवर ठोकायच्या शिशाच्या वजनांऐवजी आतून चिकटवायची वजनं मागा. ठोकलेल्या वजनाच्या क्लिपखाली लॅकर फुटतं आणि तिथूनच खर सुरू होते. पडलेल्या चऱ्यांसाठी प्रश्न २.

१८. दुरुस्त चाक बसवताना काय बघायचं?

नट. लोखंडी डिस्कचे नट आणि अलॉयचे नट एक असतीलच असं नाही, बैठक कोनाची आहे की गोल, ते जुळायला हवं. नटाच्या बैठकीवर रंग नको. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. नट चांदणीच्या क्रमाने आवळा, टॉर्क रेंचने. आकडा मॅन्युअलमध्ये असतो, छोट्या गाड्यांत तो बहुतेक १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. पान्ह्यावर उभं राहून आवळणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे, त्याने अलॉयची बैठक चेपते. ५० ते १०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

१९. विम्यात मिळतं का?

अपघात किंवा खड्ड्याच्या मारामुळे नुकसान झालं आणि ओन डॅमेजची (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची) पॉलिसी असेल तर चाकाचा दावा करता येतो. धातूच्या भागांवर घसारा गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, पहिले सहा महिने काही नाही, दुसऱ्या वर्षात १० टक्के, दहा वर्षांपुढे ५० टक्के. झिरो डेप (घसारा न कापणारी जोड) असेल तर ही कपात टळते. टायर मात्र साधारणपणे गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तरच, आणि तेही निम्म्यापर्यंत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमचे, त्यावरच्या गाडीला २०००.

बाहेरून बसवलेली अलॉय पॉलिसीत नोंदवली नसतील तर दावा अडतो. घासल्याच्या ओरखड्यासाठी दावा करू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याची सवलत, २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतो, तो गमावणं बहुधा दुरुस्तीपेक्षा महाग पडतं.

२०. सेकंडहँड सेट स्वस्तात मिळतोय, नुकताच रंगवलेला. घेऊ का?

"नुकताच रंगवलेला" इथेच सावध व्हा. ताज्या रंगाखाली काय आहे ते रंगवणाऱ्यालाच ठाऊक. टायर नसलेली चाकं बघा, आतली बाजू बघा. आत वेल्डचा उंचवटा, घासून सपाट केलेली जागा किंवा एकाच ठिकाणी जाड रंग दिसला तर सोडून द्या. मागे ओतलेल्या अक्षरांत साइज, ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं तो आकडा) आणि कमाल वजन लिहिलेलं असतं. जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का असेल तर बरं, पण शिक्काही ओतता येतो, म्हणून नुसत्या त्यावर जाऊ नका. चारही चाकं बॅलन्सिंग मशीनवर फिरवून मगच पैसे द्या. विकणारा त्याला नाही म्हणत असेल तर तेच उत्तर समजा.

२१. मोटारसायकलच्या मॅग व्हीललाही हेच सगळं लागू?

रंग, पॉलिश आणि खरीचं सगळं लागू. सरळ करणं आणि वेल्डिंगचं नाही. गाडीला चार चाकं असतात, मोटारसायकलला पुढे एकच. वाकलं किंवा चिरलं तर नवं घ्या.